टायरमध्ये हवा किती ठेवावी?

प्रश्न : माझ्या गाडीला कंपनीने ३३ पीएसआय हवा सांगितली आहे. मे महिन्यात समृद्धी महामार्गाने नागपूरहून मुंबईला जायचे आहे. काँक्रीटवर टायर तापून फुटतात, म्हणून २८ ठेवा, असे पंक्चरवाला म्हणतो. मित्र म्हणतो, ४० भर, ॲव्हरेज वाढेल. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. पंक्चरवाल्याचा सल्ला तर धोक्याचा आहे. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या दबण्या-उठण्यातूनच टायर तापतो. भरलेली गाडी, मेची दुपार आणि तासन्‌तास शंभरचा वेग असला की आतल्या थरांची पकड सुटते आणि टायर फुटतो. धावताना दाब चार-पाच पीएसआयने वाढणार, हे कंपनीने आकडा ठरवतानाच धरलेले असते. म्हणून वाटेत गरम टायरमधली हवा कधीही सोडू नका.

आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पाहा. तिथे बहुधा दोन आकडे असतात. पाच माणसे आणि सामान असेल तर पूर्ण भाराचा घ्या. मागच्या चाकांना तो बऱ्याचदा जास्त असतो. टायरवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा त्या टायरचा कमाल दाब आहे, तुमच्या गाडीसाठीचा नव्हे.

हा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा. पंप लांब असेल तर घरीच गेज लावा. समजा २९ दिसले, म्हणजे ४ कमी. पंपावर पोहोचेपर्यंत तोच टायर ३१ दाखवेल; तिथे ३५ भरा. गेज स्वतःचाच वापरा, पंपावरच्या यंत्राचा भरवसा नसतो.

ॲव्हरेजचे म्हणाल, तर चारही टायरमध्ये १ पीएसआय कमी असेल तर इंधनात साधारण ०.२ टक्क्यांचा फटका बसतो. ३३ ऐवजी २८ म्हणजे एक टक्का. ४० भरून थोडेफार वाचेलही, पण रस्त्याला टेकणारा भाग घटतो, ब्रेक लांबतो आणि टायर मधोमध झिजतो. त्या बचतीपेक्षा टायर महाग पडतो.

प्रश्न : पावसाळ्यात ताम्हिणी घाटात पकड मिळावी म्हणून हवा कमी करावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. साचलेले पाणी कापायला टायर ताठ लागतो; हवा कमी असली की तो कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. पकड हवी तर खाचा तपासा. १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, पावसात ३ मिलिमीटरखाली गेलेला टायर बदलाच. हवा उतरवायची ती फक्त वाळूत किंवा चिखलात रुतल्यावर, तीही हळू चालवून बाहेर पडेपर्यंत.

थंडीत मात्र लक्ष ठेवा : तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे दीड ते दोन पीएसआयने घटतो. महिन्यातून एकदा हवा तपासताना स्टेपनीही पाहा. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतात.