आमच्या सोलापूरच्या कोर्टातले न्यायाधीश फार धार्मिक आहेत. दावा दुसऱ्या कोर्टात मागता येईल का?

तेवढ्या कारणावर नाही; कपाळावरची विभूती किंवा गड्ड्याच्या यात्रेतली हजेरी म्हणजे पक्षपात नव्हे. तिहेरी तलाकचा २०१७ चा निकाल बघा: पाच न्यायमूर्ती, पाच धर्मांचे, निकाल ३ विरुद्ध २. तलाक रद्द करणारे ख्रिश्चन, पारशी आणि हिंदू. अल्पमतात मुस्लिम न्यायमूर्तींबरोबर शीख सरन्यायाधीश! धर्म बघून हे कुणी आधी सांगितलं असतं? मात्र न्यायाधीशांचं समोरच्या पार्टीशी नातं किंवा आर्थिक व्यवहार असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करा. प्रतिज्ञापत्र आणि ठोस कागद जोडा, नुसत्या संशयावर अर्ज टिकत नाही.