शेतकरी बाजारात "माल आजचाच आहे ना?" असं विचारलं तर विक्रेता खरं सांगतो का? ताजा माल ओळखायचा कसा?

सगळे नाही सांगत. आम्हीही एकदा सांगितलं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मी आणि माझा थोरला भाऊ, आम्ही सात वर्षं शेतकरी बाजारात बसलो. घरचाच माल. मका, फरसबी, टोमॅटो, थोडी पालेभाजी. कणसं पहाटे अंधारात तोडायची, डोक्याला बॅटरी बांधून. कणीस ताटावरून तोडलं तरी आतून जिवंतच असतं. दाण्यातली साखर ते स्वतः वापरत राहतं, बाकीचीचा स्टार्च होत जातो. ३० अंश तापमानात साध्या गोड मक्याची निम्म्याहून जास्त साखर एका दिवसात जाते. शून्य अंशाजवळ ठेवला तर तेवढ्याच वेळात साधारण ६ टक्के. म्हणून गारव्यात तोडायचं, ओल्या गोणपाटाखाली झाकायचं आणि दुपारच्या आत विकून मोकळं व्हायचं.

एका शनिवारी पाऊस कोसळला, बाजार उठला, तीन क्रेट कणसं उरली. रविवारी पहाटे मी नवा माल घेऊन पोचले तर दादा खाली बसून कालच्या कणसांचे देठ तासत होता. ताज्या कणसाचा देठ कापल्या जागी फिका, ओलसर असतो आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतो. दादाने सुरीने प्रत्येक देठाची पातळ चकती उडवली आणि कालची कणसं आजच्यात मिसळून टाकली. पायाशी पडलेल्या त्या तपकिरी चकत्या मी फडक्यात गोळा केल्या. तोंडातून शब्द काढला नाही.

आमच्याकडे नेमाने येणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी मला विचारलं, "आजचीच ना गं?" माझ्याआधी दादाच बोलला, "पहाटेची आहेत, आजी." मी वजन करून दिलं. पुढच्या रविवारी त्या आल्या, म्हणाल्या, "नातवाने दोन घास खाल्ले आणि ठेवून दिलं." भांडल्या नाहीत. फरसबी घेतली आणि गेल्या. कणसं आमच्याकडून पुन्हा कधी घेतली नाहीत.

दादाचं म्हणणं, तीन क्रेट वाचले आणि गिऱ्हाईकही तुटलं नाही, फरसबी नेतातच की. माझं म्हणणं, कालचा माल वेगळा मांडा, वर पाटी लावा, भाव निम्मा करा. पुढच्या हंगामात मी पाटी लावली, "कालची आहेत, सूपला चांगली". दादा दोन दिवस बोलला नाही. ते क्रेट बहुतेक वेळा दुपारच्या आधी रिकामं व्हायचं.

आता तुमचं. "आजचं आहे का" असं विचारूच नका, त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. "कधी तोडलं?" विचारा, आणि "आज यातलं काय घेऊ नको?" हेही विचारा. ज्याने स्वतः तोडलंय तो वेळ सांगतो, पावसाचं सांगतो, शेजारच्या वाफ्याचंही सांगतो. नुसता विकायला बसलेला अडखळतो. ज्याच्या टेबलावर उन्हाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं एकत्र मांडलेलं असतं, त्याने ते सगळं पिकवलेलं नाही, हे धरून चला.

कणीस सोलून बघू नका. सोललेलं परत ठेवलं की दाणे सुकतात आणि ते कोणी घेत नाही. पाल्यावरूनच बोटांनी दाबून दाणे भरलेत का ते कळतं. फरसबी मोडून बघायची असेल तर बघा, कट्कन मोडली तर ताजी, पण मोडलेली आपल्या पिशवीत टाका. टोमॅटो देठाकडून हुंगा आणि घरी नेऊन लगेच फ्रिजमध्ये कोंबू नका. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की आठवडाभर ५ अंशांवर ठेवलेल्या टोमॅटोची चव बनवणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही गेलेला वास पुरता परत येत नाही. मक्याचं उलटं. तो पाल्यासकट फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी खा.

एक सांगायचं राहिलं. हल्लीच्या जास्त गोड वाणांत साखर बरेच दिवस टिकते, तिथे कालचं कणीसही वाईट लागत नाही. कांदा, बटाटा, लाल भोपळा हे तर सुकवून, मुरवूनच विकायचे असतात, त्यांना "आजचं का" विचारण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्याचा माल विकणं हा गुन्हा नाही, तसं सांगून विकला तर.

दादा अजून म्हणतो, आजींच्या नातवाला मका आवडेनासा झाला असेल. त्या रविवारी फरसबी घेऊन आजी समोरच्या टेबलाकडे गेल्या आणि तिथून सहा कणसं घेतली. मी मोजली होती.