व्हिटॅमिन ए दिलं की दिसायला लागेल ना?

आरपीई६५ या दृष्टीसाठी लागणाऱ्या जीनमध्ये दोष असा मुलाचा रिपोर्ट घेऊन आईबाबा येतात तेव्हा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, माझ्या खाण्यात काही कमी पडलं का हो आणि आता भरपूर व्हिटॅमिन ए दिलं तर दिसेल ना. एका आईने तर पर्समधून कॅप्सूलची बाटलीच काढून टेबलावर ठेवली, कुणीतरी सांगितलं म्हणून डोस मनानेच डबल केलेला. मुलगी लहान, अंधारून आलं की भिंत धरून चालते आणि एरवी बल्बकडे टक लावून बसते.

मी म्हटलं, ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही, व्हिटॅमिन ए तिच्या डोळ्यात पोचतंय. रोडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनात त्याचा वाकडा रेणू बसलेला असतो, प्रकाश पडला की तो सरळ होतो, आणि पुन्हा दिसायचं तर तो परत वाकवावा लागतो. हे वाकवायचं काम त्या जीनपासून बनणाऱ्या आरपीई६५ एन्झाइमचं. तेच बंद असेल तर सरळ रेणू डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशींत नुसता साठून राहतो. खरीच कमतरता असेल तर व्हिटॅमिन ए ने रातांधळेपणा जातो, पण इथे वरून कितीही ओतलं तरी एन्झाइम चालू होत नाही, उलट जास्तीचं लिव्हरमध्ये साठतं, उलट्या होतात, डोक्यातला दाब वाढून दृष्टीच्या नसेलाही धोका होतो. म्हणून स्वतःच्या मनाने काही देऊ नका.

बाबा तोवर गप्प होते, मग म्हणाले दोन्ही घरांत कुणालाच नाही हो असं. नसणारच, कारण दोघांकडे या जीनची एकेक बिघडलेली प्रत आणि एकेक चांगली, त्यामुळे दोघांनाही नीट दिसतं. बाळाला दोन्ही बिघडलेल्या मिळायची शक्यता २५ टक्के. त्यांना वाटत होतं एकीला झालं म्हणजे पुढची तिघं सुटली, पण तसं नाही, प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता नव्याने तेवढीच.

आशा आहे ती जीन थेरपीत. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत एफडीए या औषध नियामक संस्थेने तिला मंजुरी दिली, पडद्याखाली इंजेक्शनने चांगली प्रत सोडतात. नजर अगदी नॉर्मल होत नाही, पण कमी उजेडात वावरणं बऱ्याच जणांचं सुधारतं. मात्र पडद्याच्या पेशी जिवंत हव्यात, आणि त्या वयाबरोबर कमी होत जातात. कॅप्सूलच्या भरवशावर घरं वर्षं घालवतात याचं मला फार वाईट वाटतं. रेटिना स्पेशालिस्टकडून ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन लवकर करून घ्या, आणि दोन्ही प्रतींत दोष आहे का हे रिपोर्टमध्ये नीट विचारा, कारण ही थेरपी त्याच मुलांसाठी आहे.