विचारा की! : प्रश्न कुणी विचारला ते बघा

गेल्या अंकात अमेरिकेच्या अध्यक्षीय डिबेटांबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं, की काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न तिथे दर चार वर्षांनी येतो आणि दोन मिनिटांत निघून जातो. उत्तरापेक्षा प्रश्न कुणी विचारला ते बघा. त्यावर बरीच पत्रं आली. काही शाबासकीची, काही शेलक्या शब्दांतली. त्यांतली सहा घेते.

नव्या वाचकांसाठी एवढंच: मी मूळची कोल्हापूरची. १९७९ ते २०१५ ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये होते, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांशी संसार केला. राज्यशास्त्र शिकलेली नाही. डिबेट मात्र एकही चुकवलेली नाही.

*मावशी, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. डिबेटमध्ये वंशाचा मुद्दा पहिल्यांदा कधी आला? आणि नागरी हक्कांची चळवळ जोरात असताना डिबेटमध्ये काय बोललं गेलं? (सांगली)*

पहिल्याच दिवशी आला, बाळा. २६ सप्टेंबर १९६०, शिकागोचा स्टुडिओ, केनेडी आणि निक्सन. टीव्हीवर निक्सनना घाम फुटला ती गोष्ट सगळे सांगतात. केनेडींनी सुरुवातीच्या निवेदनात काय मोजून दाखवलं ते कुणी सांगत नाही. काळं मूल आणि गोरं मूल एकाच देशात जन्मलं, तर काळ्या मुलाला हायस्कूल पुरं करण्याची संधी निम्मी, कॉलेज पुरं करण्याची एक तृतीयांश, आणि बेकार राहण्याची शक्यता चौपट. कुणी विचारलेलं नसताना ते हे बोलले. उमेदवारानं आपणहून हिशोब मांडायचा, हे पुढे फार विरळा झालं.

पण त्याच निवडणुकीतली दुसरी तारीख वहीत लिहून ठेव. १९ ऑक्टोबरला अटलांटात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. दुकानातल्या गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसण्याचा सत्याग्रह होता. २१ तारखेला चौथी डिबेट झाली तेव्हा किंग तुरुंगात होते, आणि चर्चेचा विषय होता परराष्ट्र धोरण. क्यूबाचं काय करायचं वगैरे. पुढे किंगना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली, केनेडींनी त्यांच्या पत्नीला, कोरेटांना फोन केला, आणि तोवर निक्सनच्या बाजूनं असलेले किंगचे वडील फिरले. केनेडी देशभरात जेमतेम लाखभर मतांनी पुढे राहिले. चार डिबेटांत जे झालं नाही ते एका फोननं केलं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुला हसू येईल. चळवळ जोरात असताना डिबेट झालीच नाही! १९६४, १९६८, १९७२, तिन्ही वेळा नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा, किंगची हत्या, जळालेली शहरं, हे सगळं त्या मधल्या काळात येतं. सर्व उमेदवारांना सारखा वेळ देण्याच्या प्रसारण नियमाची अडचण होती, आणि पुढे असलेल्या उमेदवाराला ती अडचण सोयीची होती. १९७६ ला डिबेट परत आली.

*"प्रश्न कुणी विचारला ते बघा" म्हणजे काय? जरा उलगडून सांगाल का? (पुणे)*

सांगते, पण लांबेल.

१९८० साल. मला तिथे जाऊन वर्षच झालं होतं. २८ ऑक्टोबरला कार्टर आणि रेगन यांची एकुलती एक डिबेट आमच्याच गावात, पब्लिक म्युझिक हॉलमध्ये होती. आम्ही दोघं टीव्हीसमोर, मांडीवर वरणभात. प्रश्न विचारणाऱ्यांत विल्यम हिलियर्ड नावाचे कृष्णवर्णीय पत्रकार होते. शहरांतल्या काळ्या लोकांना गोऱ्यांचं वैर जाणवतं, त्यांना कमाईच्या मुख्य प्रवाहात शिरता येत नाही, त्यासाठी काय कराल, असा त्यांचा प्रश्न होता. रेगन आशावादी गृहस्थ. बोलता बोलता म्हणून गेले, की आपल्या तरुणपणी या देशाला वंशाचा प्रश्न आहे हे ठाऊकसुद्धा नव्हतं, तिथून आपण बरेच पुढे आलो आहोत. कार्टरनी लगेच पकडलं: ज्यांनी भेदभाव सोसला त्यांना तो प्रश्न नक्की ठाऊक होता.

खरं सांगते, मला त्यात तेव्हा काहीच खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई होती, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, लहानपणी आईबापांबरोबर अलाबामातून आलेली. सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या लावता लावता ती म्हणाली, "देशाला ठाऊक नव्हतं म्हणे. माझ्या आईला विचारायचं होतं." आणि झाकण बंद केलं. त्या दिवसापासून मी डिबेट तिच्या कानानं ऐकायला शिकले.

आता २००४ घ्या. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट, ५ ऑक्टोबर, पुन्हा क्लीव्हलंड. सूत्रसंचालक ग्वेन आयफिल, कृष्णवर्णीय. त्यांनी बजावून विचारलं, की मला चीन किंवा आफ्रिकेतल्या एड्सबद्दल नको आहे, इथल्याबद्दल सांगा. इथे २५ ते ४४ वयाच्या काळ्या स्त्रिया बरोबरीच्या इतर स्त्रियांपेक्षा तेरापट जास्त संख्येनं या रोगानं मरण्याची शक्यता आहे, सरकारनं काय करावं? तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी म्हणाले, हे आकडे मी ऐकलेले नाहीत. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन एडवर्ड्स यांनी सुरुवात कुठून करावी? आफ्रिकेतून! आमच्या प्रयोगशाळेत तेच नमुने रोज तपासले जात होते. त्या नळ्यांवर नाव नसतं, नंबर असतो. पण कुठल्या दवाखान्यातून आल्या ते कळतं, आणि दवाखाना कळला की गावाचा कुठला भाग तेही कळतं. आम्हाला ठाऊक असलेली गोष्ट देशाच्या उपाध्यक्षांना ठाऊक नव्हती.

मग २०२०. मी तोवर इथे परतले होते. ३० सप्टेंबरला पहाटेचा चहा घेऊन साडेसहाला फोन लावून बसले. तिकडे आदल्या दिवशीची रात्र. ट्रम्प आणि बायडन, आणि गाव पुन्हा आमचंच. सभागृह ज्या भागात होतं त्याच्या शेजारीच 'हफ' नावाची वस्ती आहे, १९६६ च्या उन्हाळ्यात वांशिक दंगलीत जळलेली. २०२० च्या मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा जीव गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला होता. सूत्रसंचालक ख्रिस वॉलेस यांनी या भागाला नाव दिलं होतं, 'वंश आणि आपल्या शहरांतला हिंसाचार'. दोन गोष्टी एका पिशवीत घातल्या की कुठली कुठे सांडते ते बघा. झालंही तसंच. अर्धा वेळ दंगलीत, उरलेला एकमेकांना गप्प करण्यात. तिथेच ट्रम्प 'प्राउड बॉइज' नावाच्या अतिउजव्या टोळीला मागे सरा आणि तयार राहा असं म्हणाले.

तीन आठवड्यांनी नॅशव्हिलला दुसरी झाली. सूत्रसंचालक क्रिस्टन वेल्कर, कृष्णवर्णीय आईचा वारसा सांगणारी बाई. तिनं विचारलं ते घरातलं होतं: काळे आईबाप पोरांना बसवून 'ते बोलणं' करतात, कातडीच्या रंगापायी पोलिसही लक्ष्य करू शकतात म्हणून त्यांना तयार करतात. घरात पैसा असो नसो, बोलणं करावंच लागतं. तुम्हाला हे कळतं का? बायडननी निदान एवढं कबूल केलं, की पोलिसांनी अडवलं तर हात कुठे ठेवायचे, हे आपल्या मुलीला आपल्याला कधी शिकवावं लागलं नाही. ट्रम्पनी कळतं म्हटलं आणि लगेच बायडनचे जुने कायदे काढले. वर, या खोलीत सगळ्यांत कमी वर्णद्वेषी मीच, हेही.

तर पुणेकर, उलगडा एवढाच. एकच विषय 'हिंसाचार' म्हणूनही विचारता येतो आणि 'ते बोलणं' म्हणूनही. कोण कसा विचारतो, ते त्यानं घरी काय ऐकलंय त्यावर ठरतं.

*तुम्ही कायम डेमोक्रॅटांची बाजू घेता. २०१९ मध्ये कमला हॅरिस यांनी बायडनवर 'बसिंग'वरून केलेला हल्ला निव्वळ नाटक नव्हता का? शिवाय बसिंग म्हणजे नेमकं काय, हे इकडच्या पोरांनाही सांगता येत नाही. (एडिसन, न्यू जर्सी)*

बाजू घेते हा आरोप अर्धा मान्य. म्हणून त्यांच्याबद्दलच बोलू.

शाळांमधली काळ्या-गोऱ्यांची फाळणी मोडायची म्हणून मुलांना बसनं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवायचं, याला बसिंग म्हणत. आमच्या गावात मधून कायाहोगा नदी वाहते. पूर्वेला काळे, पश्चिमेला गोरे. १९७६ मध्ये न्यायाधीश फ्रँक बॅटिस्टी यांनी निकाल दिला की शाळा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या गेल्या, आणि १९७९ च्या सप्टेंबरात पिवळ्या बस पूल ओलांडायला लागल्या. माझ्या त्या सहकारिणीचा मुलगा त्यांतल्या एका बसमध्ये असायचा. हिवाळ्यात निघताना अंधार, परतताना अंधार. ती म्हणायची, शाळा चांगली हवी होती, बस कुणी मागितली होती? तरी पाठवायची. गोरी कुटुंबं उपनगरांकडे निघाली होतीच, ती आणखी निघाली. आणि आम्ही? आम्हीही घर घेताना 'चांगल्या शाळा' बघून उपनगरातच घेतलं. चांगल्या म्हणजे कशा, हे मराठी मंडळात कुणी मोठ्यानं विचारत नसे. तुमच्या एडिसनात विचारतात का?

२७ जून २०१९ ला मायामीत, डेमोक्रॅटांच्या उमेदवारीसाठी आपसातच झालेल्या डिबेटमध्ये हॅरिस म्हणाल्या, की बर्कलीत रोज बसनं शाळेत जाणारी एक लहान मुलगी होती, ती मुलगी म्हणजे मी. बायडननी सत्तरच्या दशकात बसिंगला विरोध केला होता, त्यावर नेमकं बोट. मला भरून आलं. मग कळलं की त्याच रात्री त्या वाक्याचे टी-शर्ट विकायला निघाले. थोड्याच दिवसांत हॅरिसना विचारलं की आता सरकारनं बसिंग सक्तीचं करावं का, तर त्यांचं उत्तर बायडनच्या उत्तराहून फार लांबचं नव्हतं. पुढच्या वर्षी दोघं एकाच तिकिटावर! नाटक होतं का? आठवण खरी होती, तिचा वापर नाटकी होता.

बायडनचं म्हणाल तर ह्यूस्टनला, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात, लिन्सी डेव्हिस यांनी विचारलं की गुलामगिरीचा वारसा दुरुस्त करायला अमेरिकनांची जबाबदारी काय. बायडन भरकटत भरकटत, आईबापांनी रात्री रेकॉर्ड प्लेअर लावून ठेवावा म्हणजे मुलांच्या कानावर शब्द पडतील, इथवर पोचले. गुलामगिरीपासून रेकॉर्ड प्लेअरपर्यंत! आणि तुरुंगांतल्या शिक्षा कमी करणारा २०१८ चा कायदा ट्रम्पच्या सहीनं झाला, हेही लिहून टाकते. आता झालं समाधान?

*ओबामा दोनदा निवडून आल्यावर हा प्रश्न संपायला हवा होता ना? (नाशिक)*

ओबामा अध्यक्ष असतानाच, नोव्हेंबर २०१४ मध्ये, आमच्या गावातल्या बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन असलेल्या बारा वर्षांच्या काळ्या तामिर राइसला पोलिसानं गाडीतून उतरता उतरता, दोन सेकंदांत गोळी घातली. याहून जास्त मला लिहिवत नाही.

*महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती. त्या लिंकनच्या देशात अजून हा वाद चालतो याचं वाईट वाटतं. (सातारा)*

हो, १८७३ मध्ये. गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. अर्पण लोकांना आहे, हे बरं. कारण लिंकनचंही एक डिबेट आहे: १८५८, इलिनॉयमधलं चार्ल्स्टन, सिनेटची निवडणूक. तिथे ते स्वच्छ म्हणाले, की दोन वंशांच्या सामाजिक-राजकीय समतेच्या बाजूनं मी नाही आणि कधी नव्हतो. मतं मागायला उभा राहिलेला लिंकन तो. त्यानंतर सात वर्षांत माणूस कुठवर आला ते तुम्हाला माहीत आहे.

*डिबेटमध्ये धडधडीत खोटं बोललं तर कोण काय करतं? (लातूर)*

कधी सूत्रसंचालक अडवतो, बहुतेक वेळा कुणीच नाही. १० सप्टेंबर २०२४, फिलाडेल्फिया. हॅरिसनी सेंट्रल पार्कच्या पाच मुलांचा विषय काढला. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या बागेत एका स्त्रीवर अत्याचार झाला, त्यात ही काळी आणि लॅटिनो पोरं धरली गेली, आणि ट्रम्पनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन मृत्युदंड परत आणा म्हटलं. त्या रात्री ट्रम्प म्हणाले, त्यांनी गुन्हा कबूल केला होता. न्यायालयात त्यांनी तो कबूल केला नव्हता. पोलिसांच्या चौकशीत वदवून घेतलेले जबाब त्यांनी मागे घेतले होते, आणि २००२ मध्ये शिक्षा रद्द झाल्या.

त्या पाचांपैकी एक, युसुफ सलाम, आता न्यूयॉर्कच्या नगर परिषदेचे सदस्य आहेत. सभागृहात प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, पण डिबेट संपल्यावर पत्रकारांच्या खोलीत ते हजर होते. ट्रम्प तिथे आले. सलामनी ओळख सांगितली. गलबल्यात ट्रम्पना वाटलं हा आपल्याच बाजूचा, आणि तसं ते हसून म्हणालेही. सलाम म्हणाले, नाही, नाही, मी तुमच्या बाजूचा नाही. ट्रम्प हात हलवत पुढे गेले.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पंधरा तारखेपर्यंत पाठवा. पोस्टकार्ड चालेल, पण अक्षर जरा मोठं काढा; डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय.)