पहिलीचा प्रवेश: १ जून, आवकेचा दाखला आणि माध्यमाचा वाद

बडोद्यात प्राथमिक शाळेत तीसेक वर्षं शिकवून निवृत्त झाले, तरी फेब्रुवारी उजाडला की घरी फॉर्मवाल्यांची वर्दळ सुरू होतेच. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देते.

बाई, माझ्या मुलीचा जन्म ९ जून २०२०चा. जून २०२६ मध्ये पहिलीत घालायची म्हटलं तर शाळा म्हणते, आठ दिवस कमी पडतात. सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) करून काही होईल का? माझे सासरे म्हणतात, पूर्वी सगळं चालायचं. (मांजलपूर)

सासरे खोटं बोलत नाहीत. पूर्वी खरंच चालायचं. आमच्या पिढीत वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण आई सांगायची, "पंचमीच्या आसपास झाला," आणि मास्तर दप्तरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. आता जन्मदाखला लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी तर कायद्याने तोच एक पुरावा.

गुजरातमध्ये २०२३-२४ पासून १ जूनला सहा वर्षं पूर्ण असतील तरच पहिली. त्या वर्षी बरेच पालक हायकोर्टात गेले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने त्यांचे अर्ज फेटाळले. तेव्हा आठ दिवस काय, एक दिवस कमी असला तरी सोगंदनामा कामाचा नाही. स्टँपचे पैसे आणि नोटरीची फी मात्र जाईल.

मुलगी पाच पूर्ण, सहा अपूर्ण. तिच्यासाठी बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, आहे. सरकारी प्राथमिक शाळांत ती शाळेलाच जोडलेली आहे आणि तिथे फी नाही. "सीनियर केजी झालं, आता पुन्हा तेच?" असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. हो, थोडंफार तेच. पण वर्गातली सगळ्यांत धाकटी मुलगी होण्यापेक्षा सगळ्यांत मोठी होणं मला कधीच वाईट वाटलं नाही. पहिलीत दप्तराचा बंद स्वतः लावता येणारी पोरं आणि न येणारी पोरं यांच्यात मी फार फरक पाहिला आहे, आणि त्या फरकाचा हुशारीशी संबंध नव्हता.

एक लक्षात ठेवा. केंद्रीय विद्यालयाचा हिशेब वेगळा आहे, तिथे सहा वर्षं ३१ मार्चला मोजतात. एप्रिल-मे महिन्यांत जन्मलेलं मूल म्हणूनच एका शाळेत बसतं आणि दुसऱ्या शाळेत बसत नाही. शेजारणीचं ऐकून घाबरू नका, तारीख कोणत्या शाळेची ते आधी विचारा.

आम्ही जळगावहून येऊन चार वर्षं वाघोडिया रोडला भाड्याने राहतो. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांसाठी) अर्ज करायचा आहे. आधारवर गावचा पत्ता आहे, नोटरी केलेला भाडेकरार आहे. चालेल का? मिस्टर कंपनीत आहेत, वर्षाला तीन लाखांच्या आत.

उत्पन्नाची काळजी नको. पूर्वी शहरात दीड लाखाची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती सहा लाख झाली. तुम्ही बसता.

अडचण पत्त्याची आहे. नोटरीचा भाडेकरार आरटीईत चालत नाही, तो रजिस्टर्डच लागतो. दरवर्षी फॉर्म रद्द होतात त्यात या एका कागदाचा वाटा मोठा. घरमालक रजिस्टर्ड करायला कां-कूं करतात, हेही मला माहीत आहे. त्यांना आजच सांगा, आणि दस्ताचा खर्च तुम्ही उचलता म्हणा. नाही तर आधारवरचा पत्ता इथला करून घ्या. तो बदलून यायला दिवस लागतात, म्हणून फॉर्म सुरू व्हायची वाट पाहू नका. फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात आणि खिडकी पंधरवड्याची असते. मुदत वाढते कधीकधी, पण त्या भरवशावर राहू नये.

उत्पन्नाचा, म्हणजे इथल्या भाषेत आवकेचा दाखला मामलतदाराचा लागतो. नर्मदा भवनातल्या जनसेवा केंद्राच्या रांगेत मार्च महिन्यात उभं राहून पाहा, म्हणजे मी डिसेंबरात जा असं का म्हणते ते कळेल. सोबत इन्कम टॅक्स रिटर्न, आणि भरत नसाल तर तसं स्वघोषणापत्र.

अर्ज ऑनलाइन आणि फुकट. सायबर कॅफेवाला टायपिंगचे पैसे घेईल ते त्याचे, "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याला मात्र एक पैसा देऊ नका. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा द्यायच्या, हे २००९च्या कायद्याचं कलम १२. जागा कम्प्युटर वाटतो. आधी भरला म्हणून आधी नंबर, असं तिथे काही नाही, तेव्हा पहिल्या रात्री जागरण करू नका. उजेडात, सपाट टेबलावर, कागदाचे चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा. गेल्या वर्षी एका बाईंनी लाइट बिलाचा फोटो पलंगावर काढला होता. चादरीच्या फुलांत ग्राहक क्रमांकच दिसेना.

वाटपात आधी अग्रक्रम पाहतात: अनाथ मुलं, दिव्यांग मुलं, शहीद जवानांची मुलं वगैरे. त्यात दोन गट असे आहेत जे आपल्याकडच्या बायकांना माहीतच नसतात. आई-बापांना एकच अपत्य आणि ती मुलगी असेल, तर तिचा वेगळा गट आहे. आणि सरकारी अंगणवाडीत दोन वर्षं गेलेल्या मुलांचा आहे. तुमचं मूल अंगणवाडीत जात होतं का, ते लिहिलेलं नाही. जात असेल तर तिथल्या बेनकडून दाखला आजच घ्या. जातीचं प्रमाणपत्र महाराष्ट्रातलं असेल तर ते इथे राखीव गटात धरतील असं गृहीत धरू नका.

शाळांची नावं भरताना नावाजलेली म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा टाकू नका. नंबर लागला आणि तुम्ही गेला नाहीत, तर जागा गेली. रिक्षावाल्याचे महिन्याचे पैसे आरटीई देत नाही. वर्षाला ३,००० रुपये मिळतात गणवेश-पुस्तकांसाठी, त्यात गणवेश जेमतेम येतो. आणि हे सगळं आठवीपर्यंत. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी सुरू होते. याचा विचार आज करून ठेवा.

शाळेने मुलाला "इंटरॅक्शन"ला बोलावलं. सफरचंदाचा रंग विचारला, तो टेबलाखाली गेला. आता म्हणतात, डोनेशन दिलं तर पाहू. (गोत्री)

टेबलाखाली जाणं हे पाच वर्षांच्या मुलाचं अगदी रास्त उत्तर आहे.

त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं: प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायची नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५,००० पर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५०,०००. कॅपिटेशन फी, म्हणजे हेच डोनेशन, घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. म्हणूनच कोणी "परीक्षा" म्हणत नाही, "गप्पा" म्हणतात. डोनेशन मागितलं तर शांतपणे म्हणा, "रकमेचं आणि कारणाचं लेखी द्या, पावती द्या." बहुतेक वेळा विषय तिथेच थंडावतो. नाही थंडावला तर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज.

फीचं म्हणाल तर गुजरातमध्ये २०१७चा फी नियमन कायदा आहे. प्राथमिकला वर्षाला १५,००० पेक्षा जास्त फी घ्यायची असेल तर शाळेने फी समितीपुढे हिशेब मांडायचा, आणि बडोदा विभागाची समिती वेगळी आहे. तुम्हाला ज्या फीचा आकडा सांगितला, त्याला समितीची मंजुरी आहे का, तो आदेश दाखवा म्हणा. विचारलं म्हणून प्रवेश नाकारतील ही भीती मला कळते. पण न विचारता भरलेले पैसे परत मिळालेलं मी तरी पाहिलं नाही.

घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात मराठी शाळा, हे म्हणतात गुजराती, मला वाटतं इंग्लिश मीडियम. दांडिया बाजारात राहतो. कोणाचं खरं?

ज्या गावच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या गावात आज शाळेच्या भाषेवरून घराघरांत भांडण. असो.

सासूबाईंचं आधी घेते. मराठी माध्यमाचा वर्ग जवळ असेल तर तिथे जाऊन दोन गोष्टी पाहा: पहिलीत पोरं किती, आणि आठवीनंतर तिथली मुलं जातात कुठे. वर्गात पाच-सहा पोरं आणि एकाच बाईंकडे तीन इयत्ता असतील, तर भाषेच्या प्रेमापोटी मुलाला तिथे एकटं बसवू नका. वर्ग भरलेला असेल आणि बाई उत्साही असतील तर माझा कल सासूबाईंकडे.

तुमच्या यजमानांचं मत लोक उगाच हसण्यावारी नेतात. बाईंनी "केम रडे छे?" विचारलं तर मराठी घरातल्या पोराला कळतं आणि ते उत्तरही देतं. "व्हाय आर यू क्राइंग?" विचारलं की ते आणखी मोठ्याने रडतं. पहिल्या वर्षी एवढंसं कळणंसुद्धा फार मोठं असतं. लिपीची धास्ती नको. माझ्या वर्गातली आपली पोरं गुजराती लिहिताना सवयीने अक्षरांच्या डोक्यावर रेघ मारायची. पानभर गुजराती, आणि वर देवनागरीसारखी सरळ रेघ. खोडरबर झिजायचा. दिवाळीपर्यंत ती रेघ आपोआप गळून पडायची, आणि मग मराठी लिहिताना रेघ द्यायला विसरायची, त्याची वेगळी गंमत.

आता तुमचं. इंग्लिश माध्यम घेतलंत तरी गुजराती सुटत नाही. २०२३च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सगळ्या शाळांत सक्तीची आहे, बोर्ड कोणतंही असो. म्हणजे मुलाला शाळेत इंग्लिश, गुजराती आणि पुढे हिंदी. चौथी भाषा मराठी, तिचं वेळापत्रक फक्त तुमच्या स्वयंपाकघरात. इंग्लिश शाळा निवडण्यापूर्वी एकच विचारा: रोज संध्याकाळी अर्धा तास इंग्लिश पुस्तक त्याच्याबरोबर कोण वाचणार? "ट्यूशन लावू" हे उत्तर आलं, तर मी तुमच्या बाजूने नाही. पहिलीतल्या मुलाला ट्यूशन लावावी लागणारी शाळा त्याच्यासाठी नाही.

कोणाचं खरं, ते त्या तीन वर्गांच्या दाराबाहेर दहा मिनिटं उभं राहून ठरवा. सासूबाईंना सोबत न्या. त्या बाकीच्यांपेक्षा जास्त पाहतील.

जन्मदाखल्यावर आडनाव "शेलके" झालंय, आधारवर "शेळके". शाळा म्हणते, चालेल. (करेलीबाग)

नाही चालणार. आज शाळा हो म्हणते, आणि दहावीच्या फॉर्मला तुम्ही धावाधाव करता. अशीच एक चूक माझ्या हातून जनरल रजिस्टरात झाली होती. त्या मुलाच्या वडिलांच्या चपला झिजल्या, आणि रस्त्यात दिसले की मला अजून चोरट्यासारखं होतं. महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत जाऊन आधी दाखला दुरुस्त करा, मग आधार, मग शाळा. क्रम उलटा करू नका. शाळेचं रजिस्टर दाखल्यावरूनच लिहिलं जातं. दाखल्यावर बाळाचं नावच नसेल तर नोंदणीपासून वर्षभरात फुकट, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब फी भरून घालता येतं. मूल पाचाचं झालं असेल तर आधारला बोटांचे ठसेही त्याच फेरीत देऊन टाका.

बदलीमुळे ऑक्टोबरात पुण्याहून येतोय. मुलगा तिसरीत. जुनी शाळा दाखला द्यायला महिना लावणार म्हणते.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असाल तर थांबू नका. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, तो मिळाला की मग द्यायचा. खाजगी शाळेत मात्र जागा आहे का ते आधी फोनवर विचारा. आणि तिसरीच्या वर्गात गुजराती वाचन सुरू झालेलं असेल, त्याला अक्षरओळखही नसेल. सामान उतरवायच्या आधी गुजराती बाराखडीचा तक्ता घ्या. रावपुऱ्यातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, तो जेवणाच्या टेबलासमोर लावा.