खेड्यात राहून, मशीनशिवाय चामड्याच्या बॅगा बनवण्याचा छंद जमतो का?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, जवळपास क्लास नाही, मशीन नाही, चामडं कुठे मिळतं तेही ठाऊक नाही, तरी हाताने बॅगा, पाकिटं, चष्म्याची घरं बनवायला शिकता येईल का?

येईल. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या गावात राहतो आणि शाळेची नोकरी सांभाळून हेच करतो. मशीन नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. चामड्याची हाताची शिवण मशीनपेक्षा पक्की असते, ती का ते पुढे सांगतो.

आधी क्लासचं. तुमच्या तालुक्याच्या बाजारात चपला शिवणारे चर्मकार काका बसत असतील. त्यांच्याकडे जा. पोळा जवळ आला की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या पट्ट्या, चाबकाच्या वाद्या, पेटीचे पट्टे दुरुस्तीला येतात. त्या दिवसांत त्यांच्या बाजूला बसलात तर रापी (चामडं कापायची सुरी) कशी धरतात, आरी (छिद्रं पाडायचा टोच्या) कशी फिरवतात आणि चामडं कोणत्या दिशेला ताणतं हे डोळ्यांनी दिसेल. मोबाईलवरच्या व्हिडिओत हात दिसतो, पण हाताने लावलेला जोर दिसत नाही.

आणि शिकवण्याचे पैसे द्या. एक गोष्ट इथे स्पष्ट बोलतो, कारण ती टाळून या छंदाबद्दल बोलणं मला योग्य वाटत नाही. आपल्या गावांत या कामाला पिढ्यान्‌पिढ्या हीन मानलं गेलं, ते करणाऱ्यांना वेशीबाहेर ठेवलं गेलं. आज तेच काम शहरात ‘हँडमेड’ म्हणून चांगल्या किमतीला विकलं जातं. आपण छंद म्हणून शिकणार असू तर ज्यांच्या हातून शिकतो त्यांना गुरू म्हणायचं, त्यांचा मोबदला द्यायचा आणि चार लोकांत त्यांचं नाव घ्यायचं. घरात कोणी नाक मुरडलं तरी काम लपवून करू नका.

आपल्या भागात या कामाची मोठी ओळख होती. मोटेनं विहिरीचं पाणी काढायचे तेव्हा ती मोट बहुधा चामड्याचीच असे आणि ओझ्याचे ताण सोसणारी तिची शिवण हाताची असे. खेड्यातले धंदे जगावेत म्हणून गांधीजींनी काढलेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ साली सुरू झाला आणि त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं. त्याच काळात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावरांचं कातडं खेड्यातच नीट कमावलं जावं, म्हणजे कच्च्या कातड्याचं टिकाऊ चामडं तिथेच व्हावं, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे तुम्ही काही परकं करायला निघालेल्या नाही.

आता चामडं. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं. ते मऊ, रंगीत आणि लवकर तयार होणारं असतं. दुसरं झाडाच्या सालीने कमावलेलं, ज्याला व्यापारी ‘व्हेज टॅन’ म्हणतात. बाभळीची साल आणि हिरडा ही त्याची आपल्याकडची जुनी द्रव्यं. मेळघाटात आणि गडचिरोलीच्या जंगलात गोळा होतो तोच हिरडा. ते कमवायला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून महाग पडतं. तरी सुरुवात त्याच्यावरच करा. ते घट्ट असतं, छिद्र जिथे पाडलं तिथेच राहतं, ओलं करून हवा तो आकार देता येतो आणि कड घासली की चकचकीत होते. क्रोमच्या चामड्याची कड कितीही घासा, बसत नाही. ती दुमडावी लागते नाहीतर रंगाने झाकावी लागते.

ओळखायचं कसं? कड कापून आतला भाग बघा. क्रोमचा गाभा बहुधा निळसर-राखाडी दिसतो, सालीचा तपकिरी. न रंगवलेल्या सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की डाग लगेच गडद होतो. मागच्या बाजूला कापडाची जाळी दिसली तर ते रेक्झिन आहे, कोणी काहीही म्हणो. आणि कच्चं कातडं आणून घरी कमावण्याच्या नादी मात्र लागू नका. पाणी, वास आणि सांडपाणी यांचा निपटारा घरी होत नाही.

चामडं चौरस फुटावर विकतात. मुंबईत धारावी हा मोठा बाजार आहे आणि तिथले व्यापारी कुरियरने पाठवतात. पहिल्यांदा अख्खं कातडं घेऊ नका, कतरण (कापून उरलेले तुकडे) मागा. छोट्या वस्तूंना ती पुरते आणि हात बसेपर्यंत माल वाया जाण्याची भीती राहत नाही. जाडी मिलिमीटरमध्ये सांगा: पाकिटाला १ ते १.२, बॅगेला २ च्या आसपास, कमरेच्या पट्ट्याला ३ ते ३.५. म्हशीचं किंवा बकरीचं घ्या आणि बिल जपून ठेवा. २०१५ पासून राज्यात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे, म्हणून माल कशाचा आहे हे कागदावर असलेलं बरं. बक्कल, रिबिटी, चुंबकाची बटणं नागपूरला इतवारीत शोधा, नाहीतर तालुक्याच्या बॅग दुरुस्तीवाल्याला सांगा, तो त्याच्या मालासोबत मागवून देईल.

हत्यारांवर सुरुवातीला खर्च करू नका. धारदार कटर किंवा रापी, पोलादी पट्टी, आरी, लाकडी मोगरी, चार दात असलेली छिद्रं पाडायची छिन्नी, मेण लावलेला पॉलिस्टर दोरा (०.८ मिमी) आणि दोन सुया. सुया बोथट हव्यात. टोकदार असतील तर दगडावर घासून टोक मारा. शिवणीची रेघ आखायला मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक चालतं. गावच्या सुताराकडून सागाच्या दोन पट्ट्यांचा चिमटा करून घ्या. तो गुडघ्यांत धरला की काम त्यात अडकून राहतं आणि दोन्ही हात शिवायला मोकळे होतात. ही एक वस्तू मात्र पहिल्याच दिवसापासून हवी.

शिवण अशी. कडेपासून ३-४ मिमी आत रेघ आखा आणि छिन्नीने साधारण ४ मिमी अंतरावर छिद्रं पाडा. पुढच्या वेळी छिन्नीचा पहिला दात शेवटच्या छिद्रात ठेवूनच ठोका, म्हणजे अंतर चुकत नाही. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्या आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. पहिल्या छिद्रातून दोरा अर्धा ओढा. मग प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून घाला आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढा. कोणती सुई आधी जायची ते एकदा ठरवलं की शेवटपर्यंत बदलू नका. टाके तिरपे आणि एकसारखे दिसतात ते यामुळेच. दुसरी सुई पहिल्या दोऱ्याला टोचून गेली तर दोरा अडकतो, म्हणून ती घालताना पहिला दोरा हलकेच मागे ओढून धरा. शेवटी दोन-तीन टाके उलटे या, दोरा कापा आणि टोक लायटरने वितळवून दाबा.

ही शिवण मशीनपेक्षा पक्की कशी, ते आता लक्षात येईल. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो. एक तुटला की ओळ सैल होत जाते. इथे प्रत्येक छिद्रातून दोरा दोन्ही बाजूंनी गेलेला आहे. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात.

पहिली वस्तू म्हणून बॅग करू नका. माझा आग्रह चंचीचा आहे. आजोबांच्या कमरेला पान-तंबाखूची असायची तीच, फक्त आत नाणी, किल्ल्या, इअरफोन काहीही ठेवा. एकच तुकडा दुमडायचा, दोन बाजू शिवायच्या, वर झाकण. कापणं, आखणं, टोचणं, शिवणं, कड घासणं हे सगळं त्या हातभर तुकड्यात येऊन जातं. त्यानंतर विळ्याचं म्यान करा. वावरात जाणाऱ्या बायकांना ते खरोखर उपयोगी पडतं, आणि धारेच्या बाजूला चामड्याची जास्तीची पट्टी घालावी लागते, म्हणून तीन थर शिवायची सवय होते. मग चष्म्याचं घर, पाकीट आणि त्यानंतर खांद्याची बॅग.

बॅगेत दोन गोष्टी सांभाळा. खांद्याचा पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापा, तिथलं चामडं कमी ताणतं. पोटाकडचं घेतलं तर पट्टा लांबत जातो. आणि पट्टा जिथे जोडता तिथे नुसत्या रिबिटीवर भरवसा ठेवू नका, चौकोनात शिवण घाला. कागदी नमुना आधी पुठ्ठ्यावर करून त्यात डबा, पाण्याची बाटली, वही घालून बघा. कड घासायला २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४०० नंबरचा, मग थोडं पाणी लावून लाकडाच्या गुळगुळीत दांड्याने चमक येईपर्यंत घासा.

आपलं हवामान चामड्याला जड जातं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ते कोरडं पडून तडकतं. तेव्हा मधमाशांचं मेण आणि खोबरेल तेल मंद आचेवर एकत्र करून पातळ हात फिरवा. तेल जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होतं, म्हणून हात आखडता ठेवा. पावसाळ्यात बुरशी येते. बॅग प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून वारं लागेल अशी ठेवा. भिजली तर सावलीतच वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेलं चामडं आकसतं आणि कडक होतं.

चंची शिवून झाली की तिचा फोटो इथे टाका. पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू दाखवा, कारण सुयांचा क्रम कुठे बदलला ते मागच्या टाक्यांवरून कळतं, आणि मग पुढचं नेमकं सांगता येईल.