बचत गटाचं कर्ज काढू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

पुण्यातली मुलं एआयची महागडी कोडिंग साधनं वापरतात, आपण मागे पडतोय, म्हणून आई बचत गटातून पैसे उचलायला तयार झाली आहे, असं तू कळवलंस. ते कर्ज काढू नका. कोड लिहिताना पुढच्या ओळी सुचवणारं गिटहबचं कोपायलट घेतलं, तर महिन्याला दहा डॉलर म्हणजे कर धरून हजाराच्या आसपास. तुमच्या घरात तेवढ्यात गॅसची टाकी येते. आणि तुला जे हवंय, त्यातलं बरंचसं विद्यार्थिनी म्हणून तुला असंच मिळू शकतं.

गिटहब म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती साइट. ते २०१४ पासून विद्यार्थ्यांना स्टुडंट डेव्हलपर पॅक, म्हणजे प्रोग्रामिंगच्या साधनांचा मोफत संच, देतं. २०२२ मध्ये कोपायलट सर्वांसाठी विकत सुरू झालं, तेव्हाही पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांना ते मोफत ठेवलं. पदवीच नव्हे, पदविकेचे विद्यार्थीही यात बसतात, म्हणून पॉलिटेक्निकमधल्या तुझ्या मैत्रिणींनाही सांग. योजनेत नेमकं काय मिळतं ते मात्र सारखं बदलतं. कुणाच्या जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस, कंपनीचं पान स्वतः वाच.

घोडं अडतं ते पडताळणीत. ज्यांना कॉलेजचा ईमेल मिळतो, त्यांचं काम सोपं होतं. तुमच्या कॉलेजने तो दिलेला नाही, आणि आयकार्डावर कुठलंच वर्ष नाही. मग ऑफिसातून इंग्रजीतलं बोनाफाईड घे. त्यावर तुझं पूर्ण नाव, अभ्यासक्रम, चालू शैक्षणिक वर्ष आणि दिलेल्या दिवसाची तारीख हवी. गिटहबच्या खात्यात नाव अक्षरन् अक्षर तसंच टाक. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारी सुरक्षा, चालू कर. अर्ज कॉलेजच्या आवारात बसून भर, कारण तुझं ठिकाणही तपासलं जातं.

एक काम याहून मोठं आहे. वर्गातल्या पाच-सहा जणी मिळून एचओडींकडे जा आणि सगळ्या विद्यार्थ्यांना कॉलेजचे ईमेल द्या, असा लेखी अर्ज करा. मला याची फार तळमळ आहे. हुशारी आहे, लॅपटॉप कर्जाने का होईना घेतलाय, आणि एका ईमेलवाचून सोलापूरचं पोर दारातच अडतं, हे मला सहन होत नाही. हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

टेलिग्रामवर दोनशे रुपयांत 'प्रीमियम अकाउंट' विकणारे भेटतील. बहुतेकदा दुसऱ्याच्या आयकार्डावर काढलेली ती खाती असतात. पासवर्ड विकणाऱ्याकडे, तुझा कोड त्याच्या हाती, आणि खातं कधी बंद होईल याचा नेम नाही. तिकडे फिरकूसुद्धा नकोस. 'पहिला महिना मोफत' म्हणून यूपीआय ऑटोपेला होकार दिलास, तर त्याच दिवशी ॲपमध्ये तो मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, कुठे रद्द करतात ते बघून ठेव. पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण आईच्या फोनवरचे असले मेसेज कोण वाचतं?

अर्ज मंजूर होईपर्यंत हात बांधून बसू नकोस. डिसेंबर २०२४ मध्ये कोपायलटची सर्वांसाठीची मोफत योजना आली, तेव्हा तिच्यात महिन्याला दोन हजार कोड-सूचना आणि पन्नास चॅट होते. पन्नास म्हणजे दिवसाला जेमतेम दोन. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी हे छान आहे, कारण प्रश्न विचारण्याआधी डोकं चालवावं लागतं. एरर आला की आधी स्वतः वाच, कुठली ओळ, कुठलं व्हेरिएबल ते वहीत लिही, आणि तरीही नाही सुटलं तर विचार. 'कोड लिहून दे' असं नको, 'माझं कुठे चुकतंय ते सांग, उत्तर देऊ नकोस' असं. सी भाषेतले पॉइंटर शिकतेस तोवर व्हीएस कोड या एडिटरमध्ये त्या एका भाषेपुरत्या सूचना बंद ठेव, तशी सोय आहे. व्हायवाला समोर बसलेले सर तुलाच विचारणार आहेत.

नेट नसलं तरी चालणारंही काही आहे. ओलामा हे लॅपटॉपवरच एआय मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर टाकून क्वेन २.५ कोडरचं दीड अब्ज पॅरामीटरचं छोटं मॉडेल उतरव. डाउनलोड साधारण एक जीबी, तुझ्या आठ जीबी रॅमवर चालेल. मोठ्या मॉडेलांइतकं हुशार नाही, चुका करतं. पण कोटा संपत नाही, आणि लिहिलेलं लॅपटॉपबाहेर जात नाही.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी माझ्या मनात एक काम आहे. बाजारात विकत मिळणारी हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट करू नकोस. तुझे बाबा टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मजुरी नगावर कशी धरतात, डिझाइन बदललं की दर कसा बदलतो, उचल किती आठवड्यांत वळती करतात, लाइट गेलेल्या दिवसाचं काय होतं, हे त्यांच्याजवळ बसून लिहून काढ. ते कुठलंही मॉडेल आपणहून सांगणार नाही, कारण त्याला अशोक चौकातला कारखाना माहीत नाही. तुझ्या बाबांना माहीत आहे. तो हिशेब नीट कळला की डेटाबेसची टेबलं कशी पाडायची हे खुशाल एआयला विचार. मात्र कामगारांची खरी नावं आणि आधार नंबर कुठल्याही चॅटमध्ये टाकू नकोस, खोटी नावं घाल.

सोमवारी बोनाफाईडचा अर्ज दे. गिटहबने नाकारलं तर कारण म्हणून जे लिहून येईल ते जसंच्या तसं मला पाठव, आपण मिळून दुसरा अर्ज भरू.

तुझा,
काका